एमडीनंतर हेमॅटॉलॉजी की ऑन्कॉलॉजी? नागपूरला परतणाऱ्यासाठी थोडं सविस्तर

नागपुरात एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका निवासी डॉक्टरांनी विचारलंय: रक्ताचे आजार आणि कॅन्सर यांत पुढे शिकायचं आहे, तर डीएम (एमडीनंतरची पदवी) क्लिनिकल हेमॅटॉलॉजीत, म्हणजे रक्तविकारांत, घ्यावं की मेडिकल ऑन्कॉलॉजीत, म्हणजे कॅन्सरच्या औषधोपचारांत? अमेरिकेत दोन्ही एकत्र शिकवतात, मग आपल्याकडे वेगळं का? शिकून नागपूरलाच परतायचं आहे, आई-वडील इथे आहेत. त्यासाठी मोठ्या बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांट सेंटरलाच जावं का? आणि अजून ३ वर्षं घालावीत असं खरंच या कामात काही आहे का?

नागपूरलाच यायचं हे पक्कं असेल तर निम्मं उत्तर तुम्ही स्वतःच दिलं आहे. मी रक्तविकारांची डॉक्टर. बाहेर शिकले, इथे परतले, इथेच काम करते. माझा कल कुठे असणार हे उघड आहे, तेवढं वजा करून वाचा.

आधी कागदोपत्री भाग उरकते. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमडीची ३, आणि त्यावर डीएमची ३. डीआरएनबी या समकक्ष पदवीलाही तेवढीच. एमडी मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स झालेल्याला दोन्हीकडे जाता येतं; रेडिएशन ऑन्कॉलॉजीत एमडी केलेल्यांनाही मेडिकल ऑन्कॉलॉजीचा रस्ता आहे. प्रवेश नीट-एसएस या देशपातळीवरच्या परीक्षेतून. दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, जिपमर अशा संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा असते, ती वर्षातून दोनदा होते. नीट-एसएसचा पेपर गटवार असतो. मेडिसिनवाल्याने मेडिकल ग्रुपचा एकच पेपर द्यायचा आणि त्याच रँकवर कार्डिओलॉजीपासून हेमॅटॉलॉजीपर्यंत काय मिळतं ते घ्यायचं. म्हणजे नुसती हेमॅटॉलॉजी वाचून भागत नाही, सगळं मेडिसिन पुन्हा उगाळावं लागतं. त्याहून कटकट अशी की रँक जरा बरा आला की घरापासून हॉस्टेलपर्यंत सगळे एकच विचारतात, 'अरे, कार्डिओ मिळतंय ना, मग?' त्याला काय उत्तर द्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. निकालाच्या आठवड्यात डोकं ठिकाणावर नसतं.

आता अमेरिकेचं. तिथे इंटर्नल मेडिसिनची ३ वर्षं झाली की हेमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजी अशी ३ वर्षांची जोड फेलोशिप असते. बोर्डाच्या परीक्षा मात्र दोन, वेगवेगळ्या. इंग्लंडमध्ये गाडी दुसऱ्या रुळावर: हेमॅटॉलॉजिस्ट वॉर्ड आणि लॅब दोन्ही सांभाळायला शिकतो, एफआरसीपॅथ ही पॅथॉलॉजीची परीक्षा देतो, आणि मेडिकल ऑन्कॉलॉजी सर्वस्वी निराळी शाखा. आपली विभागणी इंग्लंडसारखी दिसते खरी, पण लॅबची जबाबदारी आपल्याकडे पॅथॉलॉजीत राहिली. बोन मॅरोच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची, त्यावरून रात्री अकरा वाजता औषध सुरू करायचं की नाही हा निर्णय तुमचा. ही फट कशी भरायची हे ज्या विभागात शिकवतात तो विभाग चांगला. बाकीचं पुढे येईलच.

दोन्ही शाखांची हद्द धूसर आहे. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे रक्ताचे कॅन्सर दोघेही बघतात. हेमॅटॉलॉजीत त्याच्या जोडीला सिकल सेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार), थॅलेसेमिया, हिमोफिलिया, अप्लास्टिक अॅनिमिया, आयटीपी (प्लेटलेट घटण्याचा आजार), रक्ताच्या गुठळ्या हा सगळा पसारा येतो, ज्याला आम्ही 'बेनाइन' (कॅन्सर नसलेला) म्हणतो आणि ज्यात माणसं मरतात. ऑन्कॉलॉजीत स्तन, फुप्फुस, अंडाशय, आतडी, तोंड-घसा असे गाठीचे कॅन्सर. तुम्हाला निवड करायची आहे ती याच उरलेल्या भागात. ल्युकेमिया आवडतो म्हणून हेमॅटॉलॉजी घेतली आणि सिकलच्या ओपीडीत कंटाळा आला, तर नागपुरात दिवस काढणं कठीण.

कारण विदर्भात हेमॅटॉलॉजी म्हणजे आधी सिकल. हे आजचं नाही. शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतातल्या सिकल सेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली आला होता. भारतात हा आजार नोंदला गेला तो त्याच्या अवघी काही वर्षं आधी, १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. इथे गोंड, माडिया, परधान या जमातींत तो आहे, तसाच बौद्ध, तेली, कुणबी घरांतही आहे. पेशंट स्वतःच सांगतात, 'मॅडम, माझा एएस पॅटर्न, पोरीचा एसएस.' एएस म्हणजे नुसता वाहक, एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजारी. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला जे पुस्तकात वाचावं लागतं ते इथली अंगणवाडी सेविका तोंडपाठ सांगते. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं लक्ष्य आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. कार्डानंतर काय, याचं उत्तर द्यायला माणूस लागतो. तो तुम्ही.

आणि हे काम वाटतं त्याहून कितीतरी अवघड आहे. भारतातल्या सिकलमध्ये एचबीएफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) जास्त, म्हणून आजार सौम्य, असं पुस्तकात असतं. विदर्भात काम केलेला कुणीही हे वाक्य ऐकून नकारार्थी मान हलवेल. इथे एसएस पेशंट वारंवार क्रायसिसने, म्हणजे असह्य दुखण्याच्या झटक्याने, भरती होतात, अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम (फुप्फुसावरचा गंभीर झटका) होतो, विशी-पंचविशीत खुब्याचा सांधा जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की अंगातलं पाणी आटतं आणि क्रायसिस वाढतात. डिसेंबरच्या थंडीत पुन्हा वाढतात. हायड्रॉक्सियुरिया स्वस्त आहे, गोळी आहे, काम करते. अमेरिकेत सिकलसाठी तिला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तरी आजही असे पेशंट येतात ज्यांना ती कुणी दिलीच नाही, किंवा दिली आणि पांढऱ्या पेशी जरा उतरल्या तशी घाबरून कायमची बंद केली. डोस किती ठेवायचा, किती दिवसांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघायचा, लग्न ठरलेल्या मुलीला काय सांगायचं, गरोदरपणात काय करायचं, हे सगळं हाताखालून गेल्याशिवाय येत नाही.

रक्त चढवण्याचंही तसंच. हिमोग्लोबिन ७ दिसलं की २ पिशव्या लावायच्या, ही मेडिसिन वॉर्डातली सवय सिकलमध्ये घातक ठरू शकते. ज्याचं नेहमीचंच ७ किंवा ८ आहे त्याला नुसत्या क्रायसिसच्या दुखण्यासाठी रक्त लागत नाही; आणि साधं रक्त चढवत १० च्या पुढे नेलं तर रक्त घट्ट होऊन भलतंच संकट. चेस्ट सिंड्रोममध्ये मात्र वेळ दवडायचा नाही, गरज पडली तर एक्स्चेंज (पेशंटचं रक्त काढून नवं चढवणं) करायचं. कधी थांबायचं आणि कधी धावायचं, हा फरक शिकण्यासाठी ३ वर्षं लागतात. मग चौथ्या वर्षी एखादा पेशंट तोही फरक पुसून टाकतो.

दुखण्याबद्दल एक स्वतंत्र परिच्छेद लिहिते, कारण यावरून मला अजूनही राग येतो. सिकलचा मुलगा रात्री कॅज्युअल्टीत कळवळत येतो आणि कुणीतरी म्हणतं, 'नाटक करतो, याला इंजेक्शनची सवय लागलीय.' त्याला पॅरासिटामॉल लावून सकाळपर्यंत ठेवलं जातं. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मॉर्फिन मिळवण्याची वाट सोपी झाली, पण वॉर्डातली भीती कायद्याने जात नाही. कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन द्यायला हल्ली कुणी फारसं कचरत नाही. सिकलच्या पेशंटला देताना हात आखडतो. तुम्ही ज्या विभागात शिकायला जाल तिथे पेन चार्ट भरला जातो का, मॉर्फिनचा पहिला डोस किती मिनिटांत मिळतो, हे बघा. त्यावरून त्या विभागाचा स्वभाव कळतो.

आता रात्री अकराच्या निर्णयाकडे येते. समजा, गोंदियाहून पंचविशीतली एक बाई पाठवली आहे. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, प्लेटलेट १२,०००. सोबत डेंग्यू निगेटिव्हचा कागद. फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींचा प्रकार ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना मुंबई किंवा गुरुग्रामला जाणार, रिपोर्टला निदान दोन-तीन दिवस. पण पेरिफेरल स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) तुमच्या हातात आहे, आत्ता. त्यात दाणेदार प्रोमायलोसाइट (अपक्व पांढऱ्या पेशी) आणि ऑर रॉड्सच्या (पेशीतल्या काड्यांच्या) जुड्या दिसल्या, तर हा एपीएल हा ल्युकेमियाचा प्रकार असू शकतो. एपीएलमध्ये नुसत्या संशयावर एटीआरए हे औषध त्याच रात्री सुरू करायचं असतं, जनुकीय रिपोर्टची वाट बघायची नसते, कारण हे पेशंट पहिल्याच काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन जातात. आणि जे त्यातून तरतात, त्यांतल्या कमी जोखमीच्या गटात एटीआरए आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइडवर ९० टक्क्यांहून जास्त बरे होतात. सगळ्या ल्युकेमियांत इतका टोकाचा फरक दुसरीकडे कुठे नाही. हा फरक पडतो तो मायक्रोस्कोपपाशी बसलेल्या माणसामुळे, आणि नागपूरसारख्या ठिकाणी तो माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता.

म्हणून माझं ठाम मत: ज्या विभागात निवासी रोज स्वतः स्मिअर बघतात, मॅरो काढून त्याच दिवशी रंगवतात, आणि सर किंवा मॅडमबरोबर दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर बसतात, तिथे जा. तिथे वर्षाला ट्रान्सप्लांट किती होतात हा दुय्यम प्रश्न.

इथे तुमच्या ट्रान्सप्लांटच्या प्रश्नावर आलो. भारतात पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं; थॅलेसेमियासाठीचं काम वेल्लोरच्या सीएमसीने १९८६ पासून उभं केलं. मोठ्या केंद्रांचा मान मोठाच आहे. पण तिथला डीएम विद्यार्थी कधीकधी वर्षभर ट्रान्सप्लांट युनिटातच अडकतो: सायक्लोस्पोरिन औषधाची पातळी, सीएमव्ही विषाणूचा पीसीआर, ग्राफ्ट-व्हर्सस-होस्टचं (दात्याच्या पेशींनी पेशंटवर केलेल्या हल्ल्याचं) ग्रेडिंग. हे शिकायला हवंच. हॅप्लो (अर्ध्या जुळणीचं) ट्रान्सप्लांट आल्यापासून जुळणारं भावंड नसलेल्यांनाही दार उघडलंय, आणि सख्खं भावंड जुळण्याची शक्यता दर भावंडामागे जेमतेम २५ टक्के असते हे लक्षात घेतलं तर त्याचं महत्त्व कळतं. पण परतल्यावर तुमच्या शंभर पेशंटांत ट्रान्सप्लांटचे किती असतील? बाकीचे ते, ज्यांना पॅन्सायटोपेनिया आहे आणि ज्यांच्या नातेवाइकांना गावातल्या डॉक्टरने 'ब्लड कॅन्सर असेल' असं सांगून पाठवलंय.

या पॅन्सायटोपेनियावर थोडं रेंगाळते, माझा आवडता विषय आहे. तिन्ही पेशी कमी, एलडीएच (पेशी फुटल्याची खूण) आभाळाला, थोडी कावीळ, पेशंट पांढराफटक. नवख्याला अॅक्यूट ल्युकेमिया किंवा एमडीएस (मज्जेचा कॅन्सरच्या जातीचा आजार) वाटतो. प्रत्यक्षात आपल्याकडे यातले किती तरी बी-१२ च्या कमतरतेचे निघतात. स्मिअरमध्ये मोठाले अंडाकृती मॅक्रोसाइट (तांबड्या पेशी) आणि पाच-सहा पाळ्यांचे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशी) असले की निदान तिथेच होतं. इंजेक्शनं सुरू करून आठवड्याने रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) मोजा, वर उडालेले असतात. घाईत मॅरो केला आणि बघणाऱ्याला अनुभव नसला, तर बी-१२ च्या कमतरतेतला मेगॅलोब्लास्टिक मॅरो ल्युकेमियासारखा वाचला जाऊ शकतो. अशा चुकीच्या वाचनावर केमोथेरपीचा सल्ला घेऊन आलेले कागद मी बघितले आहेत. उलट बाजूही आहे: इंजेक्शन देऊन आठ-दहा दिवस झाले, रेटिक वर येत नाहीत, तर आणखी महिनाभर बी-१२ टोचत बसू नका. मॅरो करा.

ताप आणि कमी प्लेटलेट याचंही आपलं स्वतःचं गणित आहे. पावसाळा संपता संपता डेंग्यू. गडचिरोलीहून आलेल्यात फाल्सिपेरम मलेरिया. आणि २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली तेव्हापासून तोही यादीत कायम. डेंग्यूच्या हंगामात ल्युकेमियाच्या पेशंटची आणखी एक पंचाईत होते. प्लेटलेट ५ दिवसच टिकतात, २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात. शहरभर जो तो ४०,००० काउंट बघून प्लेटलेट मागत सुटतो, आणि ज्याला १०,००० च्या खाली खरीच गरज आहे त्याच्या नातेवाइकांना रक्तपेढीतून सांगतात, 'उद्या या.' रक्तस्राव नसलेल्या डेंग्यूला उगाच प्लेटलेट लावू नका, हे आपल्याच मेडिसिनच्या सहकाऱ्यांना दर ऑक्टोबरला नव्याने सांगावं लागतं. तो तुमच्या नोकरीचा भाग समजा.

केमोथेरपीनंतरचा ताप हे दुसरं रोजचं काम. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि ताप, म्हणजे पहिलं अँटिबायोटिक तासाभरात गेलं पाहिजे. एएमएल या ल्युकेमियाचं जुनं ७+३ (सात आणि तीन दिवसांच्या औषधांची केमोथेरपी) आपल्याकडे जड जातं ते औषधामुळे कमी, वॉर्डातल्या प्रतिरोधक क्लेब्सिएला जंतूमुळे जास्त. ज्या विभागात संसर्गाचा हिशेब ठेवतात, कुठल्या महिन्यात कुठला जंतू किती वेळा आला हे भिंतीवर लावलेलं असतं, तिथे तुम्ही खरी ल्युकेमिया-चिकित्सा शिकाल. तसाच एक नियम, जो कुठेही शिकलात तरी अंगात भिनवून घ्या: विनक्रिस्टिन हे केमोथेरपीचं औषध पाठीच्या कण्यात कधीच जाता कामा नये. ते छोट्या सलाइनच्या पिशवीतून द्या, सिरिंजमध्ये भरून ठेवूच नका, आणि इंट्राथेकलच्या (कण्यात द्यायच्या औषधांच्या) ट्रॉलीजवळ येऊ देऊ नका. ही चूक जगभर झालीय आणि तिला उतारा नाही. आणि रासब्युरिकेज (युरिक आम्ल उतरवणारं औषध) देण्याआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे का ते तपासा. आपल्या भागात ही कमतरता दुर्मीळ नाही.

ऑन्कॉलॉजीची बाजू आता मांडते, नाहीतर म्हणाल मॅडमनी एकतर्फी वकिली केली.

विदर्भात मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टच्या ओपीडीत खर्रा समोर बसलेला असतो. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला हा माल पानठेल्यावर पन्नीत मिळतो, शाळकरी पोरंही खातात, आणि तोंड एका बोटाएवढंही उघडत नाही अशी तिशीतली माणसं तपासायला येतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिला मान सर्जनचा, मग रेडिएशनचा. तुमचं काम रेडिएशनसोबतची सिस्प्लॅटिनची केमोथेरपी, आणि आजार परतला की पुढचं सगळं. या 'पुढच्या सगळ्या'त भारतातल्या ऑन्कॉलॉजीने खरं स्वतःचं डोकं लावलं आहे. टाटा मेमोरियलने परतलेल्या तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या सिस्प्लॅटिनशी ताडून बघितल्या. २०२० मध्ये निकाल आला की गोळ्यांवरचे पेशंट थोडे जास्त जगतात, त्रास कमी, खर्च तर नगण्य. पुढे त्यांनीच मेट्रोनॉमिक (थोड्या मात्रेत सतत द्यायच्या) गोळ्यांना निवोलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपीची अगदी छोटी मात्रा जोडली: ३ आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, जिथे नेहमीची मात्रा २ आठवड्यांनी २४० असते. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. मूळ औषध ज्याला परवडतच नाही अशा माणसासमोर बसून हा प्रश्न सुचला असणार. असा प्रश्न पडणं तुम्हाला आवडत असेल, तर ऑन्कॉलॉजी घ्या, बिनधास्त घ्या. नागपुरात कामाची वाण नाही: मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आहे, एम्स आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, खासगी रुग्णालयं आहेत.

स्वभावाचाही एक भाग आहे. ऑन्कॉलॉजीत ट्यूमर बोर्डावर सर्जन, रेडिएशनवाले, रेडिऑलॉजिस्ट यांच्याशी दर आठवड्याला वाद घालून सहमतीने चालावं लागतं. हेमॅटॉलॉजीत तुम्ही बरेचदा एकटे असता, आणि निर्णय तासांत घ्यावे लागतात. मला एकटेपण मानवतं. तुम्हाला चार जणांत बसून ठरवायला बरं वाटत असेल, तर तेही आत्ताच ओळखा.

पैशाचं आणि कागदांचं काम दोन्हीकडे सारखंच, आणि ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची पूर्वमंजुरी, कोणतं औषध पॅकेजमध्ये बसतं आणि कोणतं नाही, सिकल-थॅलेसेमिया-हिमोफिलियाच्या पेशंटला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळवून देणं. सीएमएल या ल्युकेमियाचा पेशंट आज वर्षानुवर्षं कामावर जातो, शेती करतो, कारण इमॅटिनिब आलं आणि भारतात ते जेनेरिक मिळतं. सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा निकाल त्याच औषधाच्या पेटंटबद्दल होता. आपल्या औषधाच्या किमतीमागे काय घडलं हे माहीत असलेला डॉक्टर पेशंटशी जरा वेगळं बोलतो, असं माझं निरीक्षण आहे. हल्ली नातेवाईक मोबाइलवर बातमी दाखवतात: सिकलवर जीन थेरपी आली म्हणे. आली आहे, २०२३ च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. हे सांगून झाल्यावर त्या मुलाची हायड्रॉक्सियुरिया नीट चालू आहे का, न्यूमोकोकलची लस झाली का, ते विचारायचं. आपल्या मातीत उगवलेलंही आहे काही: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली कार-टी थेरपी (पेशंटच्याच पेशी बदलून रक्ताच्या कॅन्सरवर सोडणं), तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती परदेशी उत्पादनांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. तरी शेतकऱ्याच्या घराला स्वस्त नाही.

उपचार अर्ध्यावर सुटणं हे आमचं खरं दुखणं. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन, पूर्वेकडे धानाची कापणी. या दिवसांत ओपीडी रोडावते आणि ल्युकेमियाच्या मुलाची मेंटेनन्सची (आजार परतू नये म्हणूनची) गोळी बंद पडते. गडचिरोली शहरच नागपूरहून पावणेदोनशे किलोमीटर, भामरागड त्याच्या किती तरी पुढे. बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव, आदिलाबादचेही पेशंट इथेच येतात. तुमच्या डे-केअरच्या सिस्टरकडे पेशंटचे दोन फोन नंबर असावेत, एक शेजाऱ्याचा. तारीख चुकली की फोन गेला पाहिजे. महागड्या औषधांइतकीच माणसं या फोनने वाचतात. हिंदी सगळ्यांना येते असं धरून चालू नका. गोंडी बोलणारी एखादी परिचारिका वॉर्डात असेल तर तिला राउंडला सोबत घ्या.

३ वर्षं घालावीत का? तुमचं वय एकोणतीस-तीस असेल. बरोबरचे मित्र कन्सल्टंट होऊन गाडी घेतील आणि तुम्ही पुन्हा निवासी, पुन्हा रात्रपाळी, कदाचित घरापासून हजार किलोमीटर. आई-वडिलांचं वय वाढत जाईल. हे सगळं खरं आहे, गोड करून सांगत नाही. या शाखेत मरण बघावं लागतं, तेही तरुणांचं, आणि ज्यांच्याशी महिनोन्‌महिने ओळख झालेली असते अशांचं. काही जण दुसऱ्या वर्षी सोडून जातात, आणि त्यात कमीपणा काही नाही. सोडताना दंड किती, बॉण्ड किती वर्षांचा, हे राज्याराज्यांत वेगळं असतं. प्रवेश घेण्याआधी छापील अटी वाचा, सीनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका. पण बाईला एपीएल होऊन ती बरी होते आणि पुढे कधी पोराला घेऊन ओपीडीत येते, पोराच्या सर्दीचंच औषध लिहून द्या म्हणते, तेव्हा आपण काय करतो ते कळतं. मला तेवढं पुरतं. तुम्हाला पुरेल का, ते मी कसं सांगणार?

या वर्षात काय करायचं तेवढं सांगते. मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये जितके सीबीसी असामान्य दिसतील त्यांचे स्मिअर स्वतः बघा. संध्याकाळी पॅथॉलॉजीत जा, तिथल्या निवासींना चहा पाजा, शेजारी बसा. मायक्रोस्कोपवर तास मोजून नजर येते, वाचून येत नाही. मॅरो अॅस्पिरेशन आणि ट्रिफाइन (सुईने मज्जेचा नमुना काढणं) करायची संधी सोडू नका. प्रबंधाचा विषय अजून बदलता येत असेल तर सिकलच्या भरतींवर काहीतरी घ्या: चेस्ट सिंड्रोम, गरोदरपण, खुब्याचा सांधा, काहीही. असा पेशंट-साठा मोठ्या महानगरांतल्या विभागांनाही सहज मिळत नाही.

आणि चॉइस भरण्याआधी ज्या ज्या विभागांचा विचार चालू आहे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासीला फोन करा. प्रमुखांना नको, ते छानच सांगणार. निवासीला विचारा: रात्री स्मिअर कोण बघतं? बेनाइनची ओपीडी आठवड्यातून किती दिवस, आणि तिथे सीनिअर बसतात की ती तुमच्यावर सोडलेली असते? फ्लोची प्लॉट (आलेख) तुम्हाला दाखवतात की नुसता रिपोर्ट येतो? रक्तपेढी इमारतीतच आहे का, इरॅडिएटेड (किरणोत्सर्ग दिलेलं) रक्त मिळतं का? लहान मुलांचे ल्युकेमिया तुमच्याकडे येतात की पीडियाट्रिक्सकडे? गेल्या वर्षी कुणी सोडून गेलं का, आणि का? एवढी उत्तरं मिळाली की रँक-लिस्ट तुमची तुम्हालाच लावता येईल. वेल्लोरपासून लखनौपर्यंत, मुंबईच्या केईएमपासून कोलकात्यापर्यंत, जिथे ही उत्तरं पटतील तो विभाग वर टाका. शहर कुठलं हे शेवटी बघा. ३ वर्षांत शहर बघायला वेळ मिळत नाही.